भोजलीचं नाव

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. मले ते माहीत आहे, फ्रॉक घालत होती तेव्हापासून माहीत आहे, पण जिच्यासंगं भोजली बदली तिचं नाव घेत नसतात. आमच्या रायपूरकडची ही रीत आहे. श्रावणात बायका-पोट्ट्या टोपलीत गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत ठेवून हळदीचं पाणी शिंपडतात, मग पिवळेजर्द मऊ अंकुर वर येतात. त्याले भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत त्या टोपल्या तलावावर नेऊन शिरवायच्या, म्हणजे पाण्यात सोडायच्या, अन् थोडे अंकुर धुऊन परत आणायचे. दोघी पोरींनी ते एकमेकींच्या कानावर खोवले की भोजली बदली, म्हणजे मैत्रीचं नातं बांधलं, जन्मभराचं. त्या दिवसापासून नाव बंद. ती मले भोजली म्हणणार, मी तिले भोजली म्हणणार, अन् भेटलो की "सीताराम भोजली".

आणि चुकून एकीच्या तोंडून दुसरीचं नाव निघालं, अन् ते तिच्या कानावर पडलं, तर नातं सुटलं. तिची आई हे आम्हाले डोळे वटारून सांगायची. आम्ही इतक्या भ्यायलो होतो की शाळेत हजेरीच्या वेळी तिचं नाव आलं की मीच कानात बोटं घालायची. आता नाव घेणारे मास्तर, ऐकणारी ती, अन् बोटं माझ्या कानात! मास्तर म्हणजे माझे वडीलच. त्यांनी एकदा छडी उगारून विचारलं, "काहून वो, कान दुखून राहिले का?" सगळी शाळा हसली होती.

वडिलांची बदली तिच्या गावात झाली म्हणून आम्ही तिथं राहिलो. नाही तर आमचं घराणं शहरातलं. मराठी राज्याच्या काळात आमचे लोक इकडे आले अन् इथलेच होऊन गेले. घरात मराठी, बाजारात हिंदी, अन् त्या गावाच्या तलावावर छत्तीसगढी. तलाव आमच्या भाड्याच्या घरामागेच होता. त्याच्या मधोमध एक लाकडी खांब रोवलेला होता. तिकडे तलावाचंही लग्न लावतात, हळद लावून, वाजंत्री लावून, अन् मग तो खांब पाण्यात उभा करतात. लग्न झालेल्या तलावातच देवाधर्माचं काम होते. आमची भोजली त्याच पाण्यात शिरवली होती.

पुढं आम्ही रायपूरले चौबे कॉलोनीत आलो, माझं लग्न झालं, नोकरी झाली, पेन्शन सुरू झाली, नवरा गेला. ती तिथंच राहिली. पण भोजली ती भोजली. माझ्या पोट्ट्याच्या बारशाले तिनं डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन बसमधून यावं, तिच्या पोरीच्या लग्नाले मी आठ दिवस आधी जाऊन भाज्या चिराव्या, असं आमचं.

मागे तिले मोतीबिंदू झाला. मी तिले घरी आणून ठेवलं अन् समता कॉलोनीतल्या दवाखान्यात घेऊन गेली. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "पेशंट का नाम?"

मी भोजलीकडे पाहिलं. ती तिकडे पाण्याची टाकी शोधत होती.

"आप साथ में हैं ना? नाम बताइए."

"वही बताएँगी."

"आपको नहीं मालूम?"

"मालूम है."

"तो?"

"नहीं बता सकती."

त्या पोरीनं असं पाहिलं की मी एखादी म्हातारी पळवून आणली. भोजली परत आली, सगळं समजली, अन् पदर तोंडाले लावून इतकी हसली की डोळे तपासायच्या आधीच डोळ्यांतून पाणी. मग तिनंच नाव सांगितलं. ती सांगताना मी सवयीनं दुसरीकडे पाहिलं.

ऑपरेशननंतर ती माझ्याकडे राहिली तेव्हा शेजारीण फाटकातून विचारते, "नवीन बाई लावली का? आमच्याकडे पण पाहिजे एक." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "माझी भोजली आहे. अन् तुमच्या घरचं काम करायले तुमचे हात आहेत न?" तेव्हापासून ती बाई मले दिवाळीचा फराळ पाठवत नाही. न पाठवो बापडी.

आता त्या नव्या शहराचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. तिच्या गावाकडे नवं शहर होणार, हे आम्ही किती वर्षं ऐकलं. मग खरंच झालं. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाले हाक मारायची तर फोन करावा लागते. काचेचे बस-थांबे, त्यात बकऱ्या बसून रवंथ करायच्या. झाडं एका मापाची, दिवे एका रांगेत, माणूस मात्र शोधून सापडत नाही. मी बसमधून जायची तेव्हा मले उगाच भरून यायचं. धानाची शेतं कुठं होती ते मले आठवायचं, अन् दोन स्टॉप गेले की ते पण आठवेनासं व्हायचं.

मग झोन आला. परदेशी कंपन्यांसाठी मोठं आवार, त्याले झोन म्हणतात हे आम्ही तेव्हा शिकलो. त्यात डेटा सेंटर. तिच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, सगळी घरं उठवून रस्त्याच्या पलीकडे नेली, एकासारखं एक, डबे मांडून ठेवावे तशी. आपलं कोणतं ते कळावं म्हणून भोजलीनं दाराले निळा रंग दिला, तर शेजारच्यांनी पण निळाच दिला. तिचा पोरगा शेतीतून उठला अन् भनपुरीले जाऊन ट्रक चालवायले लागला. तो आठवड्यातून एकदा घरी येते.

अन् मी? खोटं काहून बोलू, मले आनंद झाला होता. माझा एकुलता एक पोट्टा इतकी वर्षं बंगलोरले होता. या डेटा सेंटरमध्ये त्याले नोकरी लागली अन् तो घरी आला. सून आली, घरात पुन्हा कुकरच्या शिट्ट्या वाढल्या. मी कॉलोनीत पेढे वाटले. भोजलीच्या घरी पण पेढे घेऊन गेली. तिनं पेढा कपाळाले लावून खाल्ला अन् म्हणाली, "बरं झालं, पोरगा तुझ्यापाशी आला." तिच्या मनात तेव्हा काय चाललं असन, हे मी विचारलं नाही.

पोट्टा मले समजावून सांगायचा. त्याले मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. "आई, तुम जो फोटो भेजती हो ना, वीडियो, सब कहीं ना कहीं ऐसी ही बिल्डिंग में रहता है." मशिनी रात्रंदिवस चालतात, तापतात, त्यांना थंड ठेवाले पाणी लागते. मी विचारलं, कुठलं पाणी? तो म्हणाला, पाइपलाइन आहे, बोअर आहेत, अन् आवारात एक जुनं वॉटर बॉडी आहे.

वॉटर बॉडी! ज्या तलावात त्याची आई पोहायले शिकली त्याले हा वॉटर बॉडी म्हणून राहिला. मी म्हटलं, "तो तलाव आहे, अन् त्याचं लग्न झालेलं आहे." तो हसला. त्याले वाटलं मी गंमत करते.

पहिल्या वर्षी तलावाभोवती तारेचं कुंपण होतं. बायका तार वर करून आत गेल्या, भोजली शिरवून आल्या. कोणी अडवलं नाही. त्यानंतर भिंत झाली, भिंतीवर कॅमेरे बसले.

यंदा गहू पेरायच्या आधी भोजली माझ्या घरी आली. खुर्ची दिली तर बसली नाही, स्वयंपाकघरात ओट्याले टेकून खाली बसली. तिचं बोलणं छत्तीसगढी, पण मी इथं मराठीतच लिहून राहिली, नाही तर वाचणाऱ्याचे हाल.

"भोजली, तरिया भिंतीच्या आत गेला."

तरिया म्हणजे तलाव. मी म्हटलं, "माहीत आहे वो."

"पाऱ्यातल्या बायका म्हणतात, यंदा पेरायचीच नाही. पेरून मग घरात सुकवायची का? भोजली घरात सुकली तर वर्षभर घरात अन्न लागत नाही."

"तो नवीन तलाव आहे न, बागेतला? कारंज्याचा?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मले माझीच लाज वाटली. कारंज्याच्या तलावाचं लग्न कोणी लावलं? खांब आहे का त्याच्यात? तिथं तर पाण्यात हात घातला तरी शिट्टी वाजवतात.

"तुझा पोरगा आत आहे," ती म्हणाली. मागणं मागायची तिले सवय नाही. एवढं बोलायले तिले दोन कप चहा लागले.

मी म्हटलं, "पेर. सगळ्यांना सांग, पेरा म्हणून. आपल्याच तलावात शिरवू. माझा शब्द आहे."

संध्याकाळी पोट्ट्याले सांगितलं तर त्याचं तोंडच उतरलं. "आई, सिक्योरिटी ज़ोन है. विदेशी क्लाइंट हैं. ऑडिट होता है. कहीं और कर लो ना."

"कहीं और म्हणजे कुठं? सांग न, कुठं?"

"आई, समझो यार."

"तूच समज. तुमच्या त्या मशिनी ज्या पाण्यावर थंड बसल्या आहेत, त्या पाण्याच्या काठावर त्या बायकांच्या सात पिढ्या गेल्या. एक दिवस, एक घंटा मागून राहिली, दान नाही मागत!"

मी ताट सरकवून उठली. सून बिचारी हातात पोळी घेऊन उभीच. तो पण जेवला नाही. पण माझा पोट्टा वाईट नाही हो. त्यानं वर विचारलं, खाली विचारलं, किती जणांच्या विनवण्या केल्या ते त्यालेच माहीत. अन् मग सांगत आला, परवानगी मिळाली. या वर्षापुरती. पुढच्या वर्षी तिथं दुसरी इमारत उभी राहणार आहे. अन् आत दोघीच जाऊ शकतात, मी अन् माझ्यासंगं एक बाई. बाकी बायकांनी फाटकापर्यंत यायचं, त्यांच्या टोपल्या आम्ही दोघींनी आत न्यायच्या. माझ्या मोबाइलवर त्यानं चेहरा ओळखायचं ॲप टाकून दिलं. डोळे मिचकवा, मान इकडे, मान तिकडे. लग्नाआधी मले पाहाले नवरदेवाकडचे आले होते तेव्हाही मी इतकी मान फिरवली नव्हती. सोबतच्या बाईचं नाव पोट्ट्यानंच त्याच्या हातानं टाकलं. मी तेव्हा भाजी पाहाले उठून गेली.

राखी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भोजलीच्या नव्या वसाहतीत पोचली. पोट्ट्याले नेमकं त्याच हप्त्यात ट्रेनिंगले हैदराबादले पाठवलं होतं, पण तो म्हणाला, सगळं सेट आहे, काळजी करू नको. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत पिवळी भोजली हातभर वाढलेली. माझ्या भोजलीच्या टोपलीतली यंदा सगळ्यांत दाट आली होती. त्या रिकाम्या रुंद रस्त्यावरून आम्ही गात निघालो. सिग्नल लाल झाला तर एक सासुरवाशीण थांबलीच, तिले बाकीच्यांनी ढकलत आणलं. किती हसलो! मले खरंच वाटलं की झालं, जमलं.

फाटकावर सिक्युरिटीचा साहेब होता. इस्त्रीची टोपी, बोलणं गोड. मले मशिनीसमोर उभं केलं, टुण्णकन हिरवा दिवा लागला. मग भोजलीले उभं केलं. दिवा लाल. चष्मा काढला, लाल. पदर मागे घेतला, लाल. आधार कार्डावरचा फोटो ऑपरेशनच्या आधीचा, जुना, तेव्हा तिचे गाल पण भरलेले होते. मग अंगठा. उभा जन्म रोपं लावून अन् राखेनं भांडी घासून तिच्या अंगठ्याच्या रेषा कुठं राहिल्या? लाल.

मागे बायका टोपल्या घेऊन उन्हात उभ्या.

"कोई दिक्कत नहीं मैडम," साहेब म्हणाला. "होस्ट डिक्लेरेशन कर लेते हैं." त्यानं पाटीएवढी एक स्क्रीन पुढं धरली. "पास आपके बेटे ने आपके नाम बनाया है, तो आप होस्ट. कैमरे में देखकर अपना नाम बोलिए, फिर इनका पूरा नाम, फिर बोलिए मैं इन्हें पहचानती हूँ. बस."

मी म्हटलं, "नाव कार्डावर आहे न. हे घ्या कार्ड."

"कार्ड से नहीं होगा. आवाज़ चाहिए. सिस्टम आवाज़ ही लेता है."

"तिचं तिले सांगू द्या."

"विज़िटर खुद की गारंटी कैसे देगी मैडम?"

मी त्याले रीत समजावून सांगितली. चिडून, मग हात जोडून. तो खरंच शांतपणे ऐकत होता. तो इथलाच पोरगा होता, त्याच्या आजीची पण कोणी भोजली असन. पण तो म्हणाला, "मैं समझता हूँ माताजी, सिस्टम नहीं समझता." मी पोट्ट्याले फोन लावला. तो ट्रेनिंगमधून बाहेर येऊन हळू बोलत होता. "आई, बोल दो ना. एक नाम ही तो है. मेरी इज़्ज़त का सवाल है, मैंने कितनों को बोला है."

एक नावच तर आहे! मी फोन बंद केला. मागे पाहिलं तर भोजलीनं टोपली खाली ठेवली होती. ती टोपल्यांच्या रांगेकडे पाहत होती. पाऱ्यातल्या प्रत्येक घराची टोपली, अन् सगळ्यांनी पेरली होती ती माझ्या शब्दावर. मग तिनं माझ्याकडे पाहिलं अन् मान हलवली. हव. बोल.

अन् ती वळली. माझ्याकडे पाठ केली अन् दोन्ही कानांवर हात गच्च दाबले. शाळेत मी कानात बोटं घालायची तसंच. कानावर पडलं नाही तर सुटत नाही, तिच्या आईनंच सांगितलं होतं न. पाऱ्यातल्या बायकांना आमचं सगळं माहीत. त्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं जोरात गाणं उचललं, बाकीच्यांनी त्याच्यावर आवाज चढवला. तिच्या कानावर माझा शब्द जाऊ नये म्हणून त्या बायका घसा फाटेस्तोवर गात होत्या. मले रडू आवरेना.

मी स्क्रीनपाशी तोंड नेऊन हळूच नाव घेतलं. लाल.

"शोर है मैडम. आवाज़ क्लियर नहीं आ रही." त्यानं बायकांकडे हात केला, "माताजी लोग, दो मिनट शांत."

गाणं थांबलं. एकदम नाही, एकेक बाई गप्प होत गेली. शेवटी ती म्हातारी पण थांबली. मी स्क्रीनले ओठ टेकतील इतकी जवळ गेली अन् पुन्हा बोलली. माझं नाव. तिचं नाव, तिच्या बापाचं, गावाचं. मैं इन्हें पहचानती हूँ. हिरवा.

मी मागे पाहिलं. भोजलीचे हात अजून कानांवर. तिनं ऐकलं नव्हतं. देवाशपथ सांगते, ऐकलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. मी जाऊन तिच्या खांद्याले हात लावला, झालं म्हणून. तिनं हात खाली घेतले अन् वळून हसली.

अन् तेव्हाच ती मशीन बोलली. साहेबाच्या हातातून, मोठ्यानं, फाटकावरच्या भोंग्यातून. माझा आवाज. माझं नाव, मग तिचं नाव, अक्षर अन् अक्षर साफ.

"कन्फर्मेशन है मैडम, हर बार सुनाता है," साहेब म्हणाला. आमच्या तोंडाकडे पाहून तो पण गडबडला.

भोजलीचं हसू तिथंच राहिलं, जसं कोणी हाक मारल्यावर आपण वळतो अन् मागं कोणीच नसते, तसं. मग ती वाकली, टोपली उचलून डोक्यावर घेतली अन् म्हणाली, "चल, ऊन उतरून राहिलं."

बॅटरीच्या गाडीत टोपल्या ठेवून आम्हाले आत नेलं. बिनखिडक्यांच्या पांढऱ्या भिंती, अन् एकसारखी घुं घुं, गिरणीत उभं राहिल्यावर येते तशी. तलाव दिसला. पाणी इतकं खाली गेलं होतं की खांबाचा शेवाळलेला बुंधा उघडा पडला होता. घाटाच्या पायऱ्या संपल्यावर चिखल, चिखलानंतर पाणी, अन् पाण्यात जाड काळे पाइप. आमचा कपडे धुवायचा दगड मले सापडला. त्याच्यावर एक नंबर रंगवला होता.

भोजली चिखलात उतरली. एकेक टोपली तिनं नावानिशी शिरवली, ही अमकीची, ही तमकीची. मी काठावरून टोपल्या देत होती. गाणं तिनं एकटीनंच म्हटलं. मले त्यात सूर मिळवायची हिंमत झाली नाही. मग तिनं अंकुर धुतले, टोपलीत घेतले अन् वर आली.

मी म्हटलं, "मी नारळ आणते. पुन्हा बदू आपण. पुन्हा बदता येते न?"

"येते की. पेरायचं, वाढवायचं, तरियात शिरवायचं, मग बदायचं."

"मग पुढच्या वर्षी..."

ती पाण्याकडे पाहत होती. "कोणत्या तरियात?" तिनं विचारलं. ती रागावून नव्हती बोलत. खरंच विचारत होती. पुढच्या वर्षीची इमारत मलेच माहीत होती.

"माझ्यावर राग आहे का?" मी विचारलं.

"नाही वो. मीच म्हटलं न, बोल म्हणून. तू नसतं घेतलं नाव तर सगळ्यांची भोजली सुकली असती." तिनं पायाचा चिखल गवताले पुसला. "पण ऐकू आलं. आता ऐकलं नाही असं कसं म्हणू?"

फाटकावर परत आलो तर बायका पुढं धावल्या. तिनं प्रत्येकीच्या कानावर अंकुर खोवले, पाया पडण्यासारख्या बायांच्या पाया पडली, लहान्यांना आशीर्वाद दिला. तो साहेब बाजूले उभा होता, त्याच्याकडे पण गेली. त्यानं टोपी काढून मान वाकवली, तिनं त्याच्या कानावरही खोवलं. मी माझी पाळी यायची वाट पाहत होती. वयाची साठी उलटलेली बाई, पण शाळेतल्या पोरीसारखी केस मागे घेऊन उभी होती.

ती माझ्यापाशी आली. टोपलीतले उरलेले अंकुर तिनं माझ्या हातात दिले. कानावर नाही, हातात.

मी म्हटलं, "सीताराम भोजली."

"राम राम, दीदी," ती म्हणाली.

दीदी. दवाखान्यातल्या पोरीले म्हणतात, बसमधल्या कोणाले पण म्हणतात. इतक्या प्रेमानं म्हणाली की मले तिथं रडता पण आलं नाही.

पोट्टा हैदराबादहून आल्यावर मी पहिलं तेच विचारलं, ते रेकॉर्डिंग पुसता येते का. त्यानं खरंच चौकशी केली. म्हणाला, "नहीं होता आई. सर्वर पे चला गया." मी विचारलं, कुठं आहे ते सर्वर? तो म्हणाला, "वहीं है. अपनी ही बिल्डिंग में."

ती अजून फोन करते. सुनेचं विचारते, माझ्या गुडघ्याचं विचारते, तिच्या पोराचा ट्रक कुठं अडकला ते सांगते. मी दर वेळी म्हणते, "बोल भोजली." अन् पलीकडून येते, "हव दीदी, बरी आहेस न?"